मळलेली पानं

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्गातल्या कपाटातली सगळ्यांत फाटकी पुस्तकं मी घरी घेऊन येते. लखनौत ही सुट्टी मेच्या उत्तरार्धात लागते. तोवर लू वाहायला लागलेली असते, सकाळी दहालाच रस्त्यावरची माणसं तोंडाला गमछा गुंडाळून चालू लागतात, आणि शेवटची घंटा झाली की मुलं अशी पळतात की वर्गात कुणाची तरी पाण्याची बाटली, कुणाचा तरी डबा हमखास मागे राहतो. मग मी कपाट उघडते. धड असलेली पुस्तकं डांबरगोळ्या टाकून आतच ठेवते. ज्यांची शिवण उसवली आहे, ज्यांची मुखपृष्ठं कधीच गेली आहेत, ज्यांची मधली पानं नुसती अडकवून ठेवलेली आहेत, ती बाजूला काढते. कापडी पिशव्या भरतात. जून संपेपर्यंत ही पुस्तकं माझ्या घरी मुक्कामाला असतात.

डागडुजीचं सामान साधं आहे. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, दाभण, मेण लावलेला जाड दोरा आणि पांढरा पतंगी कागद. हा कागद इथे कधीच कमी पडत नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटाला, सगळं लखनौ गच्चीवर चढून पतंग उडवतं आणि त्यासाठी आणलेले ताव घरोघर उरतात. फाटलेल्या पानाच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवायच्या, बोटाने खळीचा अगदी पातळ हात फिरवायचा, वर पतंगी कागदाची पट्टी ठेवायची आणि कपड्याच्या बोळ्याने दाबत दाबत आतली हवा काढायची. पट्टी वाळली की तिच्याआडून अक्षरं दिसतात, थोडी धुरकट, पण वाचता येण्याजोगी. हे काम कूलरच्या खोलीत करता येत नाही. तिथल्या दमट वाऱ्यात खळ वाळत नाही आणि पानं उडतात. म्हणून मी बाहेरच्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा बंद करून बसते. घाम निथळतो, पण पान चहा होईपर्यंत वाळून कडक होतं.

आणि वाळेपर्यंत मी ते वाचते. माझं उन्हाळ्याचं वाचन असं सुरू होतं. कुठल्या यादीतून ते येत नाही, मुलांनी काय फाडलं आहे त्यावर ते ठरतं. वर्षभर मी या पुस्तकांच्या पाठीमागून मुलांचे चेहरे बघत असते. सुट्टीत चेहरे नसतात, नुसत्या खुणा असतात. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळपट ठसा, एखाद्या चित्रावर उमटलेला तेलाचा गोल डाग, समोशाचा असावा, एखाद्या राक्षसाच्या डोळ्यांत पेन्सिलीने पाडलेली भोकं. अशा खुणा धरत गेलं की मूल पुस्तकात कुठे थांबलं, कुठे रमलं, कुठून पळालं, ते कळत जातं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून हे मला कधीच कळलेलं नाही.

प्रेमचंदांच्या 'ईदगाह'ची आमच्याकडची प्रत दरवर्षी माझ्या पिशवीत येते. गोष्ट मराठी वाचकांनाही ठाऊक असेल. आईबाप नसलेला चार-पाच वर्षांचा हामिद, त्याची म्हातारी आजी अमीना, ईदची जत्रा आणि त्याच्या खिशातले तीन पैसे. बरोबरची मुलं मातीचे शिपाई, भिश्ती, वकील घेतात, रेवड्या आणि सोहन हलवा खातात. हामिद आजीसाठी लोखंडी चिमटा घेऊन येतो, कारण पोळ्या भाजताना तिची बोटं पोळतात. शेवटच्या पानावर आजी रडते, आणि गोष्ट वाचणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा गळा तिथे दाटून येतो. माझाही येतो. वर्गात वाचताना त्या पानाशी आलं की मी आवाज जरा सांभाळूनच लावते.

आता ती प्रत हातात घेऊन पाहते तर शेवटचं पान स्वच्छ आहे. कोपरा कोरा, घडी नाही, डाग नाही. मुलं तिथवर येतात आणि पुस्तक मिटून निघून जातात. सगळ्यांत मळलेलं पान जत्रेचं आहे. जिथे लाकडी हत्ती, घोडे आणि उंट फिरतात, जिथे खेळण्यांची दुकानं मांडलेली आहेत, तिथला कागद हाताळून हाताळून मऊ झाला आहे, कापडासारखा लोंबतो. त्याच्या खालोखाल मळलं आहे ते पान, जिथे हामिद आपला चिमटा खांद्यावर टाकून सगळ्यांच्या खेळण्यांशी वाद घालतो आणि जिंकतो. माझी मुलं हामिदबरोबर जत्रेत फिरतात, त्याच्या चिमट्याचा पराक्रम ऐकून खूश होतात. आजीचे अश्रू त्यांना दिसतच नाहीत असं मला वाटत नाही. ते त्यांना आपसूक समजतात, म्हणून त्यांच्यापाशी रेंगाळायची गरज पडत नसावी. ज्या घरात आई दिवसभर चिकनच्या कुर्त्यावर सुई चालवते आणि संध्याकाळी डोळे चोळत चुलीपुढे बसते, त्या घरातल्या मुलाला चिमट्याचं मोल निराळं समजवावं लागत नाही. त्याला जत्रा हवी असते.

या मळलेल्या पानाने मला बरंच शिकवलं. आम्हा शिक्षकांना गोष्टीच्या शेवटाची फार घाई असते. शेवटी अर्थ असतो, अर्थातून बोध निघतो, बोधातून प्रश्न निघतो आणि प्रश्नाला गुण असतात. त्या वाटेने जाताना जत्रा भरभर मागे पडते. प्रेमचंदांनी मात्र जत्रेला किती जागा दिली आहे, हे मी सुट्टीत पुन्हा वाचते तेव्हा लक्षात येतं. चिमट्याशी पोहोचायची त्यांना बिलकुल घाई नाही. एकेक दुकान, एकेक खेळणं, पोरांची एकेक बढाई ते सावकाश सांगत बसतात. मुलांना हा माणूस आपला वाटतो तो यामुळेच.

प्रेमचंद स्वतः शिक्षक होते. शाळा-तपासनीसही होते. १९२१ साली गांधीजींचं भाषण ऐकून गोरखपूरची सरकारी नोकरी सोडेपर्यंत त्यांचं आयुष्य शाळांतच गेलं. पण मला त्यांच्या शिक्षकपणाच्या आधीची एक हकीकत फार आवडते. ती त्यांनीच लिहून ठेवली आहे. गोरखपुरात शिकत असताना तिथल्या एका पुस्तकविक्रेत्याशी त्यांची ओळख झाली. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते. मग हा मुलगा त्या दुकानातून 'कुंज्या', म्हणजे आपल्याकडची गाइडं, शाळेत नेऊन विकायचा आणि त्या बदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाचायचा. अशाच वाचनात त्याला 'तिलिस्मे होशरुबा' सापडलं. जादूनगरींचं, ऐयारांचं, कधी न संपणारं ते उर्दू दास्तान. ते अनेक खंडांत छापलं होतं लखनौच्या नवलकिशोर प्रेसने. १८५८ साली निघालेल्या या छापखान्याने उर्दू, फारसी आणि हिंदीतली किती पुस्तकं घरोघर पोहोचवली असतील! पुढे हाच मुलगा मोठा होऊन त्याच छापखान्याच्या 'माधुरी' मासिकाचा संपादक म्हणून लखनौत आला.

गाइडं विकून गोष्टी मिळवणारा तो मुलगा मला वर्गात अनेकदा दिसतो. शाळेच्या पुस्तकाखाली दुसरं काहीतरी उघडून बसलेला, मान खाली, ओठ किंचित हलताहेत. अशा वेळी मी त्या बाकापाशी न थांबता पुढे जाते. खालच्या पुस्तकात तो जिथे पोहोचला आहे तिथवर त्याला नेणं माझ्या धड्याला जमलं नसतं.

सुट्टीच्या दुपारी डागडुजी उरकली की मी आतल्या खोलीत येते. कूलरच्या वाळ्याचा ओला वास सुटलेला असतो. इथे मी माझी पुस्तकं वाचते, म्हणजे पुन्हा मुलांचीच, पण मराठी. ती घरात सगळ्यांत वरच्या फळीवर आहेत. लग्नानंतर साताऱ्याहून येताना काही आणली, काही नंतर पुण्याच्या फेऱ्यांत जमवली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्यांत आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचं ते 'ट्टॉक'. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' आहेत, ताम्हनकरांचा 'गोट्या' आहे, जी. ए. कुलकर्णींचं 'बखर बिम्मची' आहे. आणि 'श्यामची आई' आहे, ती आजीची.

त्या प्रतीवरच्या खुणा माझ्या आहेत. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं आजोळी जमायचो. रात्री अंगणात अंथरुणं पडली की आजी कंदिलाच्या उजेडात एक प्रकरण वाचायची, दुसरं कितीही मागितलं तरी वाचायची नाही. पुस्तकाची रचनाच तशी आहे. आश्रमात रात्री मुलं जमतात आणि श्याम आपल्या आईची आठवण सांगतो. प्रकरणांना रात्रींचे क्रमांक आहेत, अशा बेचाळीस रात्री. हे पुस्तक आधी कुणीतरी सांगायचं, कुणीतरी ऐकायचं आणि मग सगळ्यांनी झोपी जायचं. दिवसा मात्र मी ते चोरून पुढे वाचायचे. आता उघडून बघते तर माझे अंगठे उमटलेत ते पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामवर आणि पत्रावळ लावायला शिकणाऱ्या श्यामवर. ज्या पानांवर आजीचे डोळे भरून यायचे ती आमच्या बाजूने कोरी राहिली आहेत. विहीर, पाण्याची भीती आणि ती भीती मोडल्यावर येणारी मिजास, हे मला तेव्हा पुरत होतं. आजी आईसाठी रडायची. आईसाठी रडायचं वय माझं अजून यायचं होतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. प्रेमचंदांची 'ईदगाह' छापून आली तीही १९३३ साली. ही दोन सालं जुळतात हे एका दुपारी माझ्या लक्षात आलं आणि मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले. एक मराठी शिक्षक, एक हिंदी-उर्दूतला शिक्षक. दोघांनीही स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी नोकरी सोडलेली. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढणारे गुरुजी, आणि शाळा तपासत गावोगाव फिरलेले प्रेमचंद. देश एवढा पेटलेला असताना दोघांनीही एका लहान मुलाची आणि त्याला वाढवणाऱ्या बाईची गोष्ट लिहावी, असं त्यांना का वाटलं असेल? श्यामला आई आहे, ती त्याला घडवते. हामिदला आई नाही, तो एका दिवसात आजीहून मोठा होतो आणि परत लहान होतो. या दोघांची कधी गाठ पडली असती तर हामिदने श्यामला जत्रेला नेलं असतं, आणि श्यामने त्याला पोहायला.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांत शिक्षक किती निघतात! विंदा इंग्रजीचे प्राध्यापक, जी. ए. धारवाडला कॉलेजात इंग्रजीच शिकवायचे. माणसाच्या नियतीचा एवढा काळोख ज्यांनी आपल्या कथांतून दाखवला, त्या जी. एं.नी बिम्मसारख्या एका लहानग्याचं कौतुक लिहावं, याचं मला नवल वाटत आलं आहे. दर उन्हाळ्यात 'बखर बिम्मची' वाचताना ते थोडं कमी होतं. त्यात मुलावर कुणी झुकून बोलत नाही. बिम्मला जे गंभीर वाटतं ते लेखकालाही गंभीर वाटतं. लहान मुलांच्या गोष्टी लिहिताना आवाज गोड करणारे पुष्कळ असतात. हा आवाज नेहमीचाच आहे, जरा खाली बसून आलेला.

शिक्षकाने सुट्टीत आणखी काय वाचावं असं कुणी विचारलं तर मी गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हातात देते. वकिली सोडून भावनगरला बालमंदिर चालवणाऱ्या या माणसाने १९३२ साली गुजरातीत लिहिलेलं हे छोटं पुस्तक म्हणजे एका कल्पित शिक्षकाच्या वर्षभराची हकीकत आहे. तो उत्साहाने वर्गात जातो, मुलांना शांत बसायला सांगतो, आणि मुलं आरडाओरडा करून त्याचा पहिला दिवस उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो. मुलं हळूहळू सरकत जवळ येतात, घरी जायचं विसरतात. पुढचे किती तरी दिवस तो गोष्टच सांगत राहतो. वरिष्ठ विचारतात, अभ्यास कधी सुरू होणार? तो म्हणतो, सुरू झाला आहे. भाषा, इतिहास, शिस्त, सगळं त्या गोष्टींच्या दारातून आत येतं. मी हे पुस्तक दर जूनमध्ये वाचते, कारण जुलैत मला त्याच्या धैर्याची गरज लागते.

आणि दुसरं माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. मुलांचं नाही, पण शाळेचं आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आलेला कोवळ्या वयाचा मास्तर, चावडीत भरणारी शाळा, मेंढरांमागे जाणारी पोरं, आणि शेवटी दुष्काळात रिकामी होत गेलेली वाडी. माझ्या वर्गातली बरीच मुलं सुट्टी लागताच बाराबंकी, सीतापूर, हरदोईकडच्या आपल्या गावी जातात. त्यांतली एक-दोन परत येत नाहीत. बापाचं काम सुटलेलं असतं, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी हवं असतं. जुलैत हजेरी घेताना त्या नावांपाशी मी थांबते. 'बनगरवाडी'तली ओस चावडी मला तेव्हा आठवते. सुट्टीला म्हणूनच एक हलकी धाकधूकही चिकटलेली असते. पुस्तकं परत कपाटात जातील, ती मळवणारे सगळे हात परत येतील का?

जेठ महिन्यातले मंगळवार इथे बडा मंगल म्हणून पाळतात. शहरभर नाक्यानाक्यावर मांडव पडतात, पुरी-भाजी, बुंदी आणि गार सरबत वाटलं जातं. जो जाईल त्याला आग्रहाने बोलावून देतात, कुणी कुणाची जातपात पुसत नाही. अशाच एका मांडवात माझ्या वर्गातला एक मुलगा सरबताचे पेले भरत होता. मला पाहून त्याने हात पुसले, पेला दोन्ही हातांनी पुढे केला आणि विचारलं, "मैम, वो राधा वाली किताब जुड़ गई?"

राधावालं पुस्तक म्हणजे माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर'. ते मराठी आहे. एकदा मी ते सहज वर्गात नेलं होतं आणि तिथेच राहिलं. लिपी एकच असल्यामुळे मुलं ते अक्षर जुळवून मोठ्याने वाचतात, उच्चार लखनवी, ठेका वेगळाच. न कळलेलं मला विचारतात, बाकीचं चित्रांवरून ताडतात. चित्रं पुरंदरे यांचीच आहेत. राधाच्या घरातली माणसं साधी आहेत, आपापल्या कामात असलेली, कुणी राजा नाही, परी नाही. मुलांना त्यांची ओळख पटायला काही वेळ लागला नाही. कुणाची तरी दादी अशीच बसते, कुणाचे तरी अब्बू असेच पेपर वाचतात. पण त्या पुस्तकाची शिवण उसवली होती.

ते मी जोडलं नव्हतं. ते आधीच जोडलेलं होतं. पिशवीतून काढलं तेव्हा पाठीवर पांढऱ्या दोऱ्याची एक बारीक, सरळ ओळ दिसली, टाके एकाच मापाचे, एकाच अंतरावर. चिकनच्या कामात याला टेपची म्हणतात, मलमलीवर घालतात तो साधा धावता टाका. माझ्या दाभणाच्या टाक्यापेक्षा तो कितीतरी देखणा होता. मुलाच्या आईने कुणाच्या तरी कुर्त्यावरची सुई क्षणभर बाजूला घेऊन ते शिवलं असणार. मी त्याला सांगितलं की तुझ्या अम्मीने ते इतकं छान शिवलंय की मला हात लावायची गरज पडली नाही. तो म्हणाला, "उन्होंने पढ़ा भी।" तिला वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. मराठी पुस्तक तिने कसं वाचलं असेल, चित्रांवरून की मुलाने वाचून दाखवलं, हे विचारायच्या आत मागच्या माणसांनी पेल्यांसाठी हात पुढे केले आणि तो कामाला लागला.

कैसरबागेत भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्यांनी १९२६ साली ते संगीत महाविद्यालय म्हणून सुरू केलं, आणि त्या निमित्ताने काही मराठी घरं या शहरात आली. तिथून जाताना मला नेहमी त्यांच्या क्रमिक पुस्तकांची आठवण होते. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा त्यांनी गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावल्या, की कुठल्याही घरातल्या मुलाला गाणं शिकता यावं. शिक्षणासाठी क्रम लागतोच. माझ्याही हातात इयत्तेचं पुस्तक असतं आणि मी ते मनापासून शिकवते. पण गोष्टींना असा क्रम लावायला गेलं की त्या हातातून निसटतात. पाचवीतलं मूल राधाच्या घरात रमतं, तिसरीतलं तिलिस्मातल्या जादूगाराचं नाव विचारत येतं. आणि मी, माझ्या या वयात, हामिदच्या जत्रेतून अजून बाहेर पडलेले नाही.

रविवारी ऊन उतरल्यावर कधी नखासच्या बाजारात जाते. पक्षी, जुनी घड्याळं, पितळी भांडी यांच्या मधोमध जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. 'पराग' आणि 'नंदन'चे अंक मिळतात. दोन्ही मासिकं आता बंद झाली आहेत. 'नंदन' १९६४पासून चालत आलेलं, २०२०मध्ये थांबलं. एखाद्या अंकावर पहिल्या मालकाचं नाव लिहिलेलं असतं, वळणदार, इयत्तेसकट. ते मूल आता आजोबा झालं असेल. कोडी त्याने सोडवलेली असतात, चित्रं रंगवलेली असतात, आणि कोपऱ्यात तोच अंगठा. घासाघीस न करता मी ते अंक घेते. पावसाच्या आधीची आँधी येते, धुळीने आभाळ पिवळं होतं, बाजार भराभर गुंडाळला जातो, आणि मलिहाबादेहून आलेल्या दशहरीच्या पेट्यांवर गोणपाटं पडतात. पुस्तकं पदराखाली घेऊन मी रिक्षा शोधते.

या उन्हाळ्यात वाचायला घेतलंय ते सत्यजित राय यांचं 'बादशाही अंगठी', अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. फेलूदाची ही पहिली कादंबरी, १९६६ साली 'संदेश' मासिकातून क्रमशः येऊ लागली. 'संदेश' राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ साली मुलांसाठी काढलेलं मासिक. ते बंद पडलं होतं, नातवाने १९६१मध्ये पुन्हा सुरू केलं. ज्याचे चित्रपट जगभर गाजत होते तो माणूस दर महिन्याला मुलांच्या मासिकासाठी गोष्टी लिहीत होता, चित्रं काढत होता. आणि आपल्या गुप्तहेराला पहिल्या मोठ्या प्रकरणासाठी त्याने पाठवलं ते लखनौला. पूजेच्या सुट्टीत तोपशे, त्याचे वडील आणि फेलूदा इथे येतात. औरंगजेबाची म्हणून एक अंगठी आहे, ती नाहीशी होते. रेसिडेन्सीचे पडके वाडे आहेत. बडा इमामबाडा आहे. १७८४च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून असफउद्दौलाने तो बांधायला काढला, खांबांशिवाय उभ्या असलेल्या त्याच्या प्रचंड दालनावर भूलभुलैया आहे, सारख्या दिसणाऱ्या कमानी, अंधारे जिने, आपल्याच पावलांचा आवाज भिंतीतून परत येतो अशा बोळी.

तोपशेला ते सगळं नवं आहे. माझ्या वर्गातली मुलं इमामबाड्याच्या आसपास राहतात. काहींचे काका तिथे गाइडचं काम करतात, काही जण सुट्टीत बाहेर पाण्याच्या बाटल्या विकतात. आपलं शहर गोष्टीत छापलेलं बघून त्यांना काय वाटेल, हा विचार मला हे पुस्तक वाचताना सोडत नाही. आपली गल्ली पुस्तकात यावी असं प्रत्येक मुलाला वाटतं. ती आल्यावर ओळखीची राहते, की तिच्यावर एक वेगळाच उजेड पडतो? मला साताऱ्यात असताना फास्टर फेणेची फुरसुंगी फार लांबची आणि भारी वाटायची. पुढे पुण्याहून जाताना त्या नावाची पाटी दिसली तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहत राहिले होते.

जुलैत हे पुस्तक वर्गात वाचायचं मी ठरवलं आहे. मराठीतून वाचत वाचत हिंदीतून सांगत जायचं, रोज थोडं, आजीसारखं. शेवटी प्रश्न विचारायचा नाही. भूलभुलैयाचा प्रसंग येईल तेव्हा कुठे थांबायचं तेही जवळजवळ ठरलंय, एका वळणावर, जिथे पुढचं दिसत नाही. पण मला या मुलांची खात्री आहे. त्यांतला कुणीतरी तिथे उठून उभा राहील आणि म्हणेल, नाही मैम, त्या जिन्याने वर गेलं की रस्ता बंद आहे, डावीकडून जावं लागतं, मला माहीत आहे. मग पुस्तक बाजूला ठेवून त्याचंच ऐकावं लागेल, दुसरा त्याला खोडून काढेल, तिसरा फळ्यावर नकाशा काढायला धावेल, आणि त्या दिवशी गोष्ट कुठवर जाईल ते माझ्या हातात राहणार नाही.